इथेच घोडं पेंड खातं: कमी साखरेची, भिजवून द्यायची खाद्यं

निकाल आधी सांगते, कारण निम्म्या लोकांना तेवढाच हवा असतो. दाढा झिजलेल्या म्हाताऱ्या घोड्यासाठी बिनमळीचं बीट, म्हणजे साखर काढून उरलेला, मळी न मिसळलेला बीटचा चोथा, घ्या, खिशाला चटका बसला तरी घ्या. लठ्ठ तट्टासाठी सोयाबीनच्या टरफलाची गोळी घ्या, तीही ओंजळभरच. आणि पोत्यावर नुसतं ‘लो शुगर’ छापलंय म्हणून काहीही उचलू नका. आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी सविस्तर.

माझी पागा पौड रस्त्याला, भूगावच्या पुढे. शनिवार-रविवार मुलांना रपेट शिकवते. खाद्याचा हा सगळा खटाटोप दोघांपायी. एक चिंगी, भीमथडी तट्टू, साधारण २०० किलोची, दौंडकडच्या सासरच्या गावाहून आणलेली. भीमेच्या खोऱ्यातलं हे जनावर मराठ्यांच्या फौजेत वाखाणलं गेलं ते उगाच नाही. मूठभर वैरणीवर कोसच्या कोस चालायचं. कोस आता राहिले नाहीत, मुठीचं मात्र घमेलं झालं. दुसरा सरदार, पुण्याच्या रेसकोर्सवर धावून निवृत्त झालेला थरोब्रेड, आता पंचविशीला टेकलेला. दाढा पार गुळगुळीत. गवत चघळतो आणि त्याचे ओले बोळे गव्हाणीत टाकून देतो. म्हणजे एकीच्या तोंडाला आवर घालायचा आणि दुसऱ्याच्या पोटात काहीतरी जातंय ना, हे बघायचं.

चिंगीचं दुखणं पावसाळ्यात कळलं. पुढचे खूर हाताला गरम लागत होते, घोट्यामागे बोट टेकवलं की नाडी ठणठणत होती, आणि ती पुढचे पाय पुढे रोवून सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी. लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड ज्या पापुद्र्यांच्या आधारावर खुराच्या भिंतीला लटकलेलं असतं, ते पापुद्रे दुखावतात, सैल होतात. बळावलं तर हाड आतल्या आत फिरतं. डॉक्टरांनी रक्तातलं इन्सुलिन तपासलं तर ते चढलेलं. मानेवर आयाळीखाली चरबीचा जाड, कडक वळ होताच. आम्ही सगळे त्याला ‘काय मान आहे!’ म्हणत होतो. घोड्यांमध्ये नुसतं इन्सुलिन सतत चढं राहिलं तरी खुरांवर बेततं, हे आता पक्कं माहीत झालेलं आहे. अशा जनावराला स्टार्च आणि साखर मिळून साधारण १० ते १२ टक्क्यांच्या आतलं खाद्य द्यावं, असा सर्रास दिला जाणारा सल्ला आमच्या डॉक्टरांनीही दिला.

आता आपल्याकडची चंदी बघा. भिजवलेला हरभरा, जवाचा भरडा, गव्हाचा कोंडा, वर खूश होऊन दिलेला गुळाचा खडा. हरभऱ्यात ४० टक्क्यांच्या आसपास स्टार्च, जवात ५० च्या वर. राबणाऱ्या, सडपातळ घोड्याला हे चालतं, पिढ्यान्‌पिढ्या चाललं. तिथेही एका वेळेला वजनाच्या किलोमागे १ ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च जाऊ नये असं धरतात, म्हणजे चिंगीएवढ्या निरोगी तट्टाला एका वेळी अर्धा किलो हरभरा ही वरची हद्द. घोड्याचं जठर लहान. लहान आतड्यात जो स्टार्च पचायचा राहतो तो मागे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, आम्ल होतं आणि पुढची भानगड सुरू होते. तंतूंचं तसं नाही. ते तिथल्या जंतूंच्याच हवाली होतात, हळूहळू फसफसतात, आणि त्यातून जी मेदाम्लं तयार होतात त्यावर घोडा चालतो. इन्सुलिन उसळत नाही.

आमचे मोतद्दार मामा तीस-पस्तीस वर्षं घोड्यात. त्यांचा पहिला प्रश्न: “ताई, हरभरा तोडला तर तिच्यात जान काय राहील?” दुसरा: “मग नुसता कोंडा भिजवून देऊ, तो तर हलका.” कोंडा हलका हा समज लष्करी पागांपासून लग्नाच्या घोड्यांपर्यंत सगळीकडे आहे. गव्हाच्या कोंड्यात २० टक्क्यांच्या घरात स्टार्च असतो, आणि कॅल्शियमच्या आठ-दहा पट फॉस्फरस. रोज तोच देत राहिलं तर शरीर हाडातलं कॅल्शियम ओढून हिशेब जुळवतं आणि चेहऱ्याची हाडं सुजतात. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, “तसा घोडा मी बघितलाय, मोठ्या डोक्याचा.” कारण मात्र त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मग सुरू झाली पोत्यांची शोधाशोध, आणि इथेच घोडं पेंड खातं.

गुलटेकडीला मार्केट यार्डाच्या बाजूला एका दुकानात खास घोड्यांसाठी म्हणून ‘सोक्ड मॅश’ मिळतो. पोत्यावर घोड्याचं चित्र, त्याखाली ‘लो शुगर, हाय फायबर’. मागच्या बाजूला प्रथिनं, स्निग्धांश, क्रूड फायबर, राख, ओलावा. संपलं. मी विचारलं, स्टार्च किती? दुकानदार अगदी सरळ माणूस. म्हणाला, “बाई, साखर घालतच नाहीत ते यात.” बरोबरच आहे, साखर घातलेली नव्हतीच. घटकांच्या यादीत पहिला मका होता. मक्यात ६५-७० टक्के स्टार्च. क्रूड फायबरचा आकडाही तसाच दिशाभूल करणारा. ही मोजण्याची जुनी पद्धत, तीत विरघळणारे तंतू जवळजवळ धरलेच जात नाहीत, त्यामुळे पेक्टिनने भरलेलं उत्तम बीट आणि टरफलं घातलेला सुमार मॅश आकड्यावर शेजारी-शेजारी दिसू शकतात. म्हणून पोतं उलटं करा, घटकांची यादी वाचा. पहिल्या तीन नावांत मका, गहू, जव, भाताचा कोंडा किंवा मळी असेल तर चित्रातल्या घोड्याला नमस्कार करून निघा.

अजून एक चलाखी. भिजवलेल्या खाद्याचे आकडे कधी कोरड्यावर दिलेले असतात, कधी तयार घमेल्यावर. एक भाग खाद्याला पाच भाग पाणी घातलं की १२ टक्के साखरेचे २ टक्के होतात. घोड्याच्या पोटात साखर तेवढीच जाते. आकडा ‘ड्राय मॅटर’वर आहे का, एवढं विचारलं की विक्रेत्याला आपल्याशी नीट बोलायचं आहे की नाही तेही कळतं.

शेवटी पागेत तीन पोती आली.

पहिलं स्पीडी-बीट. यॉर्कशायरच्या ब्रिटिश हॉर्स फीड्सचं, रेसच्या घोड्यांचं खाद्य मागवणाऱ्या एका आयातदारामार्फत. बीटपासून साखर काढताना त्याच्या कापांतला गोडवा गरम पाण्यात उतरवून घेतात, उरतो तो चोथा. आपल्याकडे साखर उसाची, त्यामुळे आपला उरलेला माल म्हणजे चिपाड, आणि चिपाडात लिग्निन, म्हणजे न पचणारा लाकडासारखा भाग, इतकं की ते बॉयलरलाच बरं. बीटच्या चोथ्यात पेक्टिन असतं, ते घोड्याच्या मोठ्या आतड्यात छान फसफसतं. बऱ्याच ठिकाणी हा चोथा वाळवताना त्यात मळी परत मिसळतात. यात ती नसते. इन्फ्रारेड आचेवर शिजवून चपट्या पापड्या केलेल्या असतात, म्हणून थंड पाण्यात १० मिनिटांत भिजतं. एकास पाच पाणी, वजनाने.

पहिल्या दिवशी मी बादलीशेजारी स्टूल टाकून बसले. राखाडी-तपकिरी पापड्या आधी तरंगल्या, मग कडा उघडल्या, मग सगळं पाणी पिऊन बादली निम्म्याहून वर आली. मुठीत घेऊन दाबलं तर पाणी टपकत नव्हतं, पण लगदाही झाला नव्हता. एकेक तुकडा अलग, नीट भिजलेल्या साबुदाण्यासारखा. वास मातकट, किंचित गोडसर. सरदारने हुंगलं, वरचा ओठ उचलला आणि तोंड फिरवलं. मामांनी चिमूटभर मेथीची पूड भुरभुरली. मग बादली चाटूनपुसून साफ. तेव्हापासून रोज चार वेळा खातो, बोळे टाकणं जवळजवळ थांबलं आणि बरगड्यांवर मांस दिसायला लागलं. लीद घट्ट, व्यवस्थित. त्याच्यापुरते माझ्याकडून पाचपैकी पाच. फक्त हे लक्षात ठेवा की नुसतं बीट म्हणजे पूर्ण आहार नाही: कॅल्शियम भरपूर पण फॉस्फरस नगण्य, आणि जीवनसत्त्वांच्या नावाने शंख. त्यामुळे क्षार-जीवनसत्त्वांचा बॅलन्सर आणि बारीक कापून भिजवलेला लसूणघास त्यात जातोच.

दुसरं पोतं बीटच्याच गोळ्यांचं, दुसऱ्या एका विक्रेत्याकडचं. निम्मी किंमत, तोंडी हमी ‘हेही बिनमळीचंच, मॅडम’. गोळी बोटभर जाड, काळपट, चकाकणारी. ही रात्रभर भिजवावी लागते. कोरडी किंवा अर्धवट दिली तर अन्ननलिकेत अडकायची भीती. (पोटात फुगून पोट फुटतं अशी गोष्ट सगळ्या पागांत ऐकू येते, तिच्यात तथ्य नाही, धोका घशात आहे.) सकाळी झाकण काढलं तर वरचं पाणी काळ्या चहाच्या रंगाचं. बोट बुडवून चाखलं, सरळसरळ गोड.

आता चवीवर भांडण कसं करणार? दिरांचा ऊस आहे, तोडणीआधी ते हातातल्या ब्रिक्स मीटरने रसाची गोडी तपासतात. फोन केला. “वहिनी, घोड्याला ऊस घालताय की काय?” म्हणाले, पण मीटर पाठवला. दोन्ही बीटं सारख्या वजनाने, सारख्या पाण्यात, सारखा वेळ भिजवून गाळलेल्या पाण्याचा एकेक थेंब काचेवर टाकला. गोळीच्या पाण्याची रेघ स्पीडी-बीटच्या कितीतरी वर. ब्रिक्स मीटर फक्त साखर मोजत नाही, विरघळलेले क्षार आणि बाकीचंही त्यात येतं, त्यामुळे ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. पण दोन पोती शेजारी ठेवून तुलना करायला पुरेशी. नंतर पोत्याच्या शिवणीपाशी दुमडलेलं लेबल सरळ केलं, त्यावर बारीक अक्षरात ‘मोलॅसेस’, म्हणजे मळी, होतंच. विक्रेत्याने पोतं परत घेतलं नाही. भिजवल्यावरचं पाणी ओतून, दोनदा धुवून ते सरदारच्या वाटणीला लावलं. त्याचं इन्सुलिन व्यवस्थित आहे. चिंगीला त्याचा वासही लागू दिला नाही.

तिसरं पोतं सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित: सोयाबीनच्या टरफलाच्या गोळ्या. सोयाबीन आपल्या मराठवाड्या-विदर्भात ढीगभर पिकतं. तेल काढताना टरफल बाजूला होतं, आणि ते हलकं असल्याने वाहतुकीसाठी गोळ्या करतात. स्टार्च आणि साखर मिळून बिनमळीच्या बीटपेक्षाही कमीच भरतं. तंतू भरपूर, लिग्निन कमी, प्रथिनं १० टक्क्यांच्या थोडी वर. कोमट पाण्यात तासाभरात भिजून फिकट पिवळसर भुगा होतो. दिसायला अगदीच बापुडवाणा, वास जवळजवळ नाही. चिंगीला वासाचं काही नाही, ती बादलीही खाईल.

पण हे घेताना एक गोष्ट दहा वेळा विचारा. गोळी कुठे तयार झाली? त्याच यंत्रावर जनावरांची गोळी पेंड होत असेल तर नको. गाई-म्हशींच्या खाद्यात युरिया असू शकतो, आणि काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध. मोनेन्सिन गाईला चालतं, घोड्याला अगदी थोड्या प्रमाणातही मारतं, थेट हृदयाचे स्नायू निकामी करून. याच कारणाने शेजारच्या गोठ्यातली गोळी पेंड ‘आज जरा घोड्याला’ म्हणून कधीही घालू नका, कितीही ‘फायबरयुक्त’ असली तरी. मी ज्यांच्याकडून घेते त्यांच्याकडे फक्त टरफलाचीच गोळी होते, आणि तसं त्यांनी बिलावर लिहून दिलं. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही.

तर चिंगीला टरफलच का, बीट का नाही? कारण कमी साखर म्हणजे कमी ताकद नव्हे, आणि लठ्ठ तट्टांचे मालक नेमके इथेच गंडतात. कोरड्या बीटच्या एका किलोत साधारण १२ मेगाज्यूल ऊर्जा, जवळपास ओटइतकीच. चिंगीएवढ्या तट्टाला नुसतं उभं राहायला दिवसाला २८ मेगाज्यूल लागतात. म्हणजे ‘साखर नाही ना’ म्हणत किलोभर बीट दिलं की दिवसाचा ४० टक्के कोटा तिथेच संपला, वर गवत आहेच. टरफलात ऊर्जा थोडी कमी, पण खरं सांगायचं तर तिला दोन्हींची गरज नाही. तिला गरज आहे बॅलन्सरची, आणि तो नुसता दिला तर ती फुंकर मारून उडवते. तो कालवायला भिजलेल्या टरफलाची ओंजळ पुरते. लठ्ठ तट्टासाठी हे खाद्य म्हणजे औषधाचं अनुपान, जेवण नव्हे.

तिचं जेवण गवत. दिवसाला वजनाच्या दीड टक्का कोरडं, म्हणजे सुमारे ३ किलो; त्याहून फार कमी केलं तर घोड्याला अल्सर होतात, तट्टाच्या रक्तात चरबी उसळते, तेव्हा उपाशी ठेवणं हा इलाज नाही. दिवाळीनंतर कापलेलं मुळशीकडचं डोंगरी गवत तिला मानवतं. पक्व झालेलं असतं, साखर उतरलेली असते. फक्त कुसळं बघून घ्या, ती हिरड्यांत रुततात; मामा पेंढी उकलून झटकल्याशिवाय गव्हाणीत टाकत नाहीत. गवत तासभर पाण्यात बुडवून पाणी फेकून दिलं तर साखर आणखी उतरते, किती ते गवतागवतावर. विलायती सल्ल्यांत फ्रुक्टनचा, म्हणजे गवतात साठणाऱ्या एका प्रकारच्या साखरेचा, फार बागुलबुवा असतो. तो तिकडच्या थंड हवेतल्या गवतांचा. आपली मारवेल, पवना ही उष्ण प्रदेशातली गवतं फ्रुक्टन साठवत नाहीत, त्यांच्या पानांत स्टार्च असतो. म्हणून श्रावणातल्या कोवळ्या हिरवळीवर लठ्ठ तट्टू मोकळं सोडायला हरकत नाही असा अर्थ कोणी काढू नये. आणि उसाचे वाढे बैलांना घाला, चिंगीच्या कुंपणापलीकडून.

हवामानाचं परदेशी पोत्यावर छापलेलं नसतं. एप्रिल-मेमध्ये रात्री भिजवलेली बीटची गोळी सकाळी आंबते, झाकण काढताच नाकाला कळतं, कडेला बुडबुडे दिसतात. तसलं टाकून द्यायचं, धुवून देणं नाही. उन्हाळ्यात म्हणूनच १० मिनिटांचं भिजणं ही चैन नसून सोय आहे, आणि स्पीडी-बीटच्या जास्तीच्या किमतीतला मोठा भाग मी त्या सोयीला देते. डिसेंबरात उलट: पहाटेच्या थंडीत टरफलाची गोळी कोमट पाण्याशिवाय आतून कोरडी राहते. प्रत्येक वेळी दोन-चार गोळ्या बोटांनी फोडून बघा, मध्ये खडा लागला तर अजून थांबा. बादली रोज घासायची, तळाशी बसलेला चिकट थर नखाने खरवडून.

दुकानदारीबद्दल थोडक्यात. आयातदाराने माल वेळेवर दिला, पोत्यावर उत्पादनाची आणि मुदतीची तारीख स्पष्ट होती, आणि स्टार्च-साखरेचा आकडा विचारल्यावर कंपनीचं माहितीपत्रक त्याच संध्याकाळी पाठवलं. पोतं बंगल्याच्या फाटकापर्यंतच आणतात, पागेपर्यंत आपणच ओढायचं. टरफलवाल्याकडे गाडी नाही, पण फोनवर खरं बोलतो.

एकटं तट्टू असेल तर स्पीडी-बीटचं अख्खं पोतं घेऊ नका. २० किलोचं असतं, दिवसाला दीडशे ग्रॅम वापरलं तर चार महिने पुरेल, आणि मुळशीच्या पावसात उघडं पोतं त्याआधीच बुरशी धरेल. आम्ही तीन पागा मिळून एक पोतं फोडतो आणि घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवतो. वाटणी तराजूवर करा, मापट्याने नको. पापड्या हलक्या, वर भुसभुशीत असतात, खाली चुरा बसतो. गेल्या खेपेला शेवटचं मापटं आमच्या वाट्याला आलं ते सगळा चुराच होता, आणि तो भिजवायला पाणी कमी लागतं हे मामांनी पहिल्याच बादलीत ओळखलं.